ल्यूपस अँटिकोॲग्युलंट एकदा पॉझिटिव्ह, एकदा निगेटिव्ह: लॅबवर संशय घेण्याआधी रक्त कसं घेतलं ते बघा

तुमचा प्रश्न आणि नंतर तुम्ही दिलेले तपशील, दोन्ही नीट वाचले. इतरांनाही समजावं म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुमच्या पत्नी २९ वर्षांच्या. पहिला गर्भ आठव्या आठवड्यात गेला, दुसरा तेराव्या आठवड्यात, तोही सोनोग्राफीत ठोके व्यवस्थित दिसल्यानंतर. दुसऱ्या वेळी नाशिकला ॲडमिट असताना ६ जानेवारीला रक्त घेतलं, त्यात ‘ल्यूपस अँटिकोॲग्युलंट पॉझिटिव्ह’ आलं. १७ फेब्रुवारीला पिंपळगाव बसवंतच्या कलेक्शन सेंटरवर पुन्हा रक्त दिलं, ते मुंबईला गेलं आणि ‘निगेटिव्ह’ आलं. त्याच रिपोर्टात अँटिकार्डिओलिपिन या अँटिबॉडीचा आयजीएम हा प्रकार १८ आहे आणि त्याच्यापुढे ठळक अक्षरांत ‘हाय’ छापलंय. एक डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी दिवस राहिले की रोज पोटात इंजेक्शन घ्यावं लागेल. दुसरे म्हणाले, काही गरज नाही. आणि तुम्ही विचारता, यातली कोणती लॅब खोटी?

मी नाशिकमध्ये पॅथॉलॉजिस्ट आहे. गेली बावीस वर्षं रक्त गोठण्याच्या तपासण्या हेच माझं मुख्य काम. तुमच्या पत्नीला मी तपासलेलं नाही, मूळ कागदही पाहिलेले नाहीत, त्यामुळे उपचारांचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण रिपोर्ट असे उलटसुलट का आले असतील, हे मी सांगू शकते.

माझ्या मते खोटी कोणतीच लॅब नाही. समोर आलेल्या प्लाझ्माचं, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरणाऱ्या द्रवाचं, मोजमाप दोन्ही मशीननी बरोबर केलं असणार. पण दोन्ही वेळा तो प्लाझ्मा तुमच्या पत्नीच्या रोजच्या रक्तासारखा राहिला नव्हता, आणि दोन्ही लॅबनी एकच तपासणी केलीय असंही नाही. हे पटायला तपासणी कशी चालते ते थोडं समजून घ्यावं लागेल.

सुरुवात नावापासून करते, कारण या नावाने फार घोळ घातलाय. १९५२ मध्ये कॉनली आणि हार्टमन या अमेरिकी डॉक्टरांना ल्यूपस या, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणाऱ्या आजाराच्या दोन रुग्णांच्या रक्तात असं काही आढळलं की परीक्षानळीत रक्त गोठायला नेहमीपेक्षा उशीर लागत होता. पुढे १९७२ मध्ये त्याला ‘ल्यूपस अँटिकोॲग्युलंट’ हे नाव पडलं आणि चिकटलं. आज आपल्याला माहीत आहे की हे ज्यांच्या रक्तात सापडतं त्यांतल्या पुष्कळांना ल्यूपस नसतो. आणि ‘अँटिकोॲग्युलंट’ म्हणजे रक्त पातळ करणारं असं वाटतं, पण शरीरात याचं काम नेमकं उलटं. रक्तस्राव सहसा होत नाही, गुठळ्या होतात. पायात होतात, मेंदूत होतात आणि गरोदरपणात वारेचंही नुकसान होतं. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ च्या सुमारास या सगळ्याची एकत्र मांडणी केली. त्यालाच आपण आता अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतो. तुमच्या सासूबाईंना ‘रक्त पातळ आहे म्हणून मूल टिकत नाही’ असं कोणी सांगितलं असेल, तर ते याच नावामुळे.

आता तपासणी. तुम्ही द्राक्ष बागायतदार आहात, म्हणून तुमच्याच मांडवाचं उदाहरण घेते. वेल वर चढायला तारा लागतात, तसं रक्त गोठण्याच्या क्रियेला फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध पदार्थाचा पृष्ठभाग लागतो. गोठवणारे घटक त्याच्यावर बसतात, एकमेकांना जागे करतात आणि शेवटी जाळं तयार होतं. ल्यूपस अँटिकोॲग्युलंट म्हणजे शरीराने स्वतः तयार केलेल्या अँटिबॉडी, त्या या तारा अडवून बसतात. मांडवभर तारा असतील तर थोड्या अडल्याने वेलीचं काही बिघडत नाही. म्हणून आम्ही परीक्षानळीत मुद्दाम मोजक्याच तारा ठेवतो, म्हणजे फॉस्फोलिपिड अगदी कमी घालतो. अँटिबॉडी असतील तर त्या मोजक्या तारा अडतात आणि गोठायला उशीर होतो. ही पहिली पायरी, स्क्रीन.

पण उशीर दुसऱ्याही कारणांनी होतो. समजा एखादा गोठवणारा घटकच कमी आहे. म्हणून दुसऱ्या पायरीला, म्हणजे मिक्सिंगला, आम्ही निरोगी माणसांचा प्लाझ्मा निम्मानिम्म मिसळतो. घटक कमी असेल तर तो भरून निघतो आणि वेळ सुधारते. अडथळा असेल तर तो मिसळलेल्या प्लाझ्मालाही अडवतो, वेळ लांबलेलीच राहते. तिसरी पायरी म्हणजे कन्फर्म. इथे फॉस्फोलिपिड भरपूर घालतो, म्हणजे मांडवाला जादा तारा देतो. तेवढ्याने वेळ ताळ्यावर आली, तर अडथळा तारांवरच होता हे सिद्ध झालं. स्क्रीन आणि कन्फर्म यांचं गुणोत्तर काढतात. बहुतेक किटमध्ये ते साधारण १.२ च्या पुढे गेलं की पॉझिटिव्ह धरतात, पण प्रत्येक लॅबने आपली सीमा निरोगी लोकांच्या नमुन्यांवर स्वतः ठरवायची असते.

या तीन पायऱ्या दोन वेगवेगळ्या पद्धतींनी करायच्या असतात, आणि तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथेच आहे. एक पद्धत डीआरव्हीव्हीटी. यातलं ‘आरव्ही’ म्हणजे रसेल्स व्हायपर, आपली घोणस. बागेत काम करणाऱ्या माणसाला तिची ओळख करून द्यायला नको. घोणस चावल्यावर ग्रामीण रुग्णालयात साध्या काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवतात आणि गोठतं का ते बघतात, हे तुम्ही पाहिलंही असेल. तिच्या विषात रक्तातल्या दहाव्या घटकाला थेट जागं करणारा भाग असतो. १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये मॅकफर्लेन आणि बार्नेट यांनी हिमोफिलियाच्या रुग्णांचा रक्तस्राव थांबवायला हे विष वापरून पाहिलं होतं. १९८६ पासून त्याचंच अगदी विरळ द्रावण या अँटिबॉडी शोधायला वापरतात. दुसरी पद्धत एपीटीटीची, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या नेहमीच्या तपासणीची, पण फॉस्फोलिपिड कमी असलेलं खास रसायन वापरून केलेली. काही रुग्णांच्या अँटिबॉडी एकीत दिसतात, काहींच्या दुसरीत. म्हणून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात २००९ मध्येही आणि २०२० च्या सुधारणेतही दोन्ही करा, आणि कुठलीही एक पॉझिटिव्ह आली तरी पॉझिटिव्ह धरा, असंच सांगितलंय.

तुम्ही उतरवून दिलेल्या आकड्यांवरून, जानेवारीच्या रिपोर्टात डीआरव्हीव्हीटी नॉर्मल होती आणि फक्त एपीटीटीची बाजू पॉझिटिव्ह होती. फेब्रुवारीच्या रिपोर्टात एपीटीटीची बाजू केलेलीच नाही, नुसती डीआरव्हीव्हीटी आहे. म्हणजे दोन्ही लॅबनी केलेली डीआरव्हीव्हीटी दोन्ही वेळा नॉर्मलच आली! जी बाजू जानेवारीत पॉझिटिव्ह होती, ती फेब्रुवारीत कोणी तपासलीच नाही. हे दोन रिपोर्ट एकमेकांना खोडत नाहीत. बरीच जोडपी असे दोन कागद शेजारी ठेवून रात्र रात्र जागतात, म्हणून हे इतकं फोडून लिहिलं.

मग जानेवारीचं पॉझिटिव्ह खरं मानायचं का? मला तिथे शंका आहे, आणि ती शंका रक्त ज्या दिवशी घेतलं त्या दिवसाबद्दल आहे. गर्भ जाऊन दोन दिवस झाले होते, अंगात ताप होता, सीआरपी (संसर्ग किंवा दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेलं होतं आणि सलाइनच्या सुईतूनच रक्त काढलं, असं तुम्ही लिहिलंय. यातली प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे एपीटीटी बिघडवू शकते. सीआरपी फार वाढलं की ते रसायनातल्या फॉस्फोलिपिडला चिकटतं आणि अँटिबॉडी असल्याचा आभास होतो. वॉर्डातल्या सुया अनेक ठिकाणी हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या पाण्याने धुतात, म्हणजे त्यात रक्त साकळत नाही. त्यातले चार थेंब जरी आमच्या बल्बमध्ये, म्हणजे रक्त घ्यायच्या नळीत, आले, तरी वेळ लांबते. डीआरव्हीव्हीटीच्या बहुतेक रसायनांत थोडंफार हेपॅरिन निष्प्रभ करणारा पदार्थ आधीच घातलेला असतो, एपीटीटीच्या रसायनात सहसा नसतो. डीआरव्हीव्हीटी नॉर्मल आणि एपीटीटी पॉझिटिव्ह असा निकाल आला की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो हाच, की रक्त कुठून काढलं? तो निकाल खोटाच आहे असं मी म्हणत नाही. काहींच्या अँटिबॉडी खरोखर फक्त एपीटीटीत दिसतात. पण त्या एका कागदावर कोणालाही आयुष्यभराचं लेबल लावू नये.

आता फेब्रुवारीच्या सॅम्पलकडे येते. इथे धोका उलटा आहे, असलेली अँटिबॉडी न दिसण्याचा. या विषयावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण नाशिक जिल्ह्यात हीच चूक सगळ्यांत जास्त होते असा माझा अनुभव आहे.

या तपासणीला निळ्या झाकणाचा, सायट्रेट हे रक्त गोठू न देणारं रसायन घातलेला बल्ब लागतो. त्यात सायट्रेट एक भाग आणि रक्त नऊ भाग असं प्रमाण ठरलेलं असतं. म्हणजे ०.३ मिली सायट्रेटला २.७ मिली रक्त, खुणेपर्यंत. बल्ब अर्धाच भरला तर सायट्रेट जास्त होतं आणि वेळ उगाच लांबते. भरल्यावर तो अलगद तीन-चार वेळा उलटासुलटा करायचा, घुसळायचा नाही. मग शक्यतो चार तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करायचा. तोही एकदा सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे जोरात फिरवून थर वेगळे करणाऱ्या यंत्रात, फिरवून चालत नाही. एकदा फिरवायचा, वरचा प्लाझ्मा तळाला धक्का न लावता प्लॅस्टिकच्या नळीत काढायचा, पुन्हा फिरवायचा आणि पुन्हा तळ सोडून वरचाच घ्यायचा. हे सगळं का, तर प्लेटलेट काढून टाकायला. शेवटी प्लाझ्मात प्लेटलेट दर मायक्रोलिटरला दहा हजारांच्या खाली राहायला हव्यात. तुमच्या-आमच्या रक्तात दीड ते साडेचार लाख असतात, यावरून किती निवळ प्लाझ्मा लागतो याचा अंदाज येईल.

एकदाच फिरवलेला प्लाझ्मा बर्फासारखा गोठवला आणि मुंबईत वितळवला, की त्यात उरलेल्या प्लेटलेट फुटतात. प्लेटलेटचं आवरण फॉस्फोलिपिडचंच. म्हणजे आम्ही जिथे मुद्दाम मोजक्या तारा ठेवतो, तिथे सॅम्पलनेच गाडीभर तारा आणून टाकल्या. अँटिबॉडी असतील तरी त्या तारांवर विखुरल्या जातात, वेळ नॉर्मल येते आणि रिपोर्ट निगेटिव्ह निघतो. मशीनचा यात काहीच दोष नाही.

तुम्ही लिहिलंय की पिंपळगावला सकाळी साडेदहाला रक्त घेतलं, मुलगा संध्याकाळी सहाच्या सुमारास थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशवीवर ठेवून घेऊन गेला. साडेसात तास झाले. शिवाय न फिरवलेलं सायट्रेटचं रक्त थंड करायचंच नसतं, ते खोलीच्या तापमानाला, साधारण १८ ते २४ अंशांत ठेवायचं. गारठ्याने प्लेटलेट जाग्या होतात आणि काही घटक कमी होतात. बर्फ म्हणजे काळजी, ही समजूत कलेक्शनच्या मुलांच्या मनात इतकी घट्ट आहे की मी दर सहा महिन्यांनी तेच शिकवते. त्या मुलांचा दोष नाही. बाकीच्या बऱ्याच तपासण्यांना थंडच लागतं. उन्हाळ्यात एप्रिल-मेमध्ये मोटारसायकलच्या डिकीत चाळिशीच्या उन्हात बल्ब ठेवणं हेही तितकंच वाईट. संध्याकाळी नाशिकमध्ये तो एकदा फिरवला की दोनदा, हे रिपोर्टावर कुठेच नाही. रात्रीच्या गाडीने कसारा घाट उतरताना प्लाझ्मा गोठलेला राहिला की अर्धा वितळून पुन्हा गोठला, हेही कोणी लिहीत नाही.

माझ्या हातूनही हे घडलंय. सुरुवातीच्या वर्षांत येवल्याकडून आलेलं, एकदाच फिरवून गोठवलेलं एक सॅम्पल मी तपासलं आणि निगेटिव्ह म्हणून सही केली. तीन आठवड्यांनी त्याच बाई पायाला सूज घेऊन आल्या, नसेत गुठळी होती. औषध सुरू होण्याआधी त्यांचं रक्त मी स्वतः काढलं, दोनदा फिरवलं आणि तासाभरात लावलं. दोन्ही पद्धतींनी ठसठशीत पॉझिटिव्ह. त्यानंतर बाहेरून आलेला गोठवलेला प्लाझ्मा, त्याच्यावर किती वाजता काढला आणि किती वेळा फिरवला हे लिहिलेलं नसेल, तर मी ल्यूपससाठी घेत नाही. डॉक्टर रागावतात, कलेक्शन सेंटर दुसऱ्या लॅबकडे जातं. जाऊ दे. चुकीच्या निगेटिव्हपेक्षा परत पाठवलेलं सॅम्पल परवडलं.

आता त्या १८ आकड्याबद्दल. अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन या दोन अँटिबॉडी वेगळ्या पद्धतीने मोजतात, त्यात गोठण्याची वेळ बघत नाहीत. त्यासाठी सिरम (रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पाणी) चालतं, सॅम्पल एवढं नाजूक नसतं आणि हेपॅरिनचाही फरक पडत नाही. प्रत्येक किटची नॉर्मल मर्यादा वेगळी, म्हणून बारा किंवा पंधराच्या वर गेलं की संगणक ‘हाय’ छापतो. पण अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमच्या निकषांत ४० युनिटच्या खालचा आकडा धरतच नाहीत. २०२३ च्या निकषांत ४० ते ७९ मध्यम आणि ८० च्या पुढे जास्त, अशी विभागणी आहे. एकट्या आयजीएमला तर त्यात इतकं कमी वजन दिलंय की तेवढ्यावर प्रयोगशाळेची बाजू पूर्णच होत नाही. साधा विषाणूचा ताप येऊन गेला तरी असा आकडा काही आठवडे दिसू शकतो. त्या १८ मुळे झोप उडवून घेऊ नका. आणि एका लॅबचे १८ दुसऱ्या लॅबच्या २५ शी ताडूनही बघू नका, किट वेगळे असतील तर त्या तुलनेला अर्थ नसतो.

इथे आणखी एक गोंधळ सांगून ठेवते. आपल्याकडे चिठ्ठीवर नुसतं ‘एपीएलए’ लिहायची पद्धत आहे. काही लॅबमध्ये त्या नावाखाली फॉस्फोलिपिड अँटिबॉडीची एकच मिश्र तपासणी होते. त्यात ल्यूपस अँटिकोॲग्युलंट येत नाही, बीटा-२ वेगळी येत नाही. माणसाला वाटतं सगळं झालं. म्हणून चिठ्ठीवर तिन्ही नावं वेगवेगळी लिहून घ्या: ल्यूपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आयजीजी आणि आयजीएम, बीटा-२ ग्लायकोप्रोटीन आयजीजी आणि आयजीएम. तिन्हींचा मिळून अर्थ लावायचा असतो. तिन्ही पॉझिटिव्ह असणाऱ्याचा धोका सगळ्यांत जास्त, एकच किंचित वर असणाऱ्याचा त्या मानाने पुष्कळ कमी.

मग बारा आठवड्यांनी पुन्हा तपासा म्हणतात त्याचं काय, हे तुम्ही शेवटी विचारलंय. या अँटिबॉडी येतात आणि जातात. मलेरिया, हिपॅटायटिस सी, साधा विषाणूचा ताप, काही औषधं, यांच्यामुळे तात्पुरत्या दिसतात आणि विरतात. अगदी धडधाकट माणसांतही शंभरात एक ते पाच जणांत त्या सापडतात. टॉन्सिलच्या ऑपरेशनआधी लहान मुलाची एपीटीटी लांबलेली निघते, आईबाप हिमोफिलिया की काय म्हणून घाबरून येतात, आणि तो नुकत्याच झालेल्या सर्दीतापाचा तात्पुरता ल्यूपस अँटिकोॲग्युलंट निघतो, असं मी कितीदा तरी पाहिलंय. म्हणून २००६ च्या निकषांपासून नियम असा की पॉझिटिव्ह आलं तर किमान बारा आठवड्यांनी पुन्हा बघायचं, आणि तेव्हाही टिकून असेल तरच मोजायचं. तुमची दुसरी तपासणी सहा आठवड्यांनी झाली. ती चांगली झाली असती तरी त्यातून निकाल लागला नसता.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मी इथे बसून ठरवू शकत नाही. त्याच २००६ च्या निकषांत दहाव्या आठवड्याच्या आतले गर्भपात सलग तीन किंवा जास्त असावे लागतात, पण दहाव्या आठवड्यानंतर रचनेने निर्दोष असलेला एक गर्भ गेला तरी तो मोजतात. त्यामुळे तुमचा दुसरा, तेराव्या आठवड्यातला, महत्त्वाचा आहे. तो गर्भ रचनेने निर्दोष होता का, गुणसूत्रांची तपासणी झाली होती का, वार पॅथॉलॉजीला पाठवली होती का, हे कागद शोधा. हे निकष मुळात संशोधनासाठी रुग्णांचे गट पाडायला केलेले आहेत. निकषात थोडं कमी पडतं म्हणून उपचार द्यायचेच नाहीत, असं अनुभवी स्त्रीरोगतज्ज्ञ करत नाहीत. दोन डॉक्टरांचं मत वेगळं पडलं, त्याचं कारण मला हेच दिसतं. हातात असलेल्या अपुऱ्या कागदांवर दोघांनीही आपापल्या परीने प्रामाणिक सल्ला दिलाय.

हा प्रश्न वाचणाऱ्यांत गुठळीवर औषध घेणारेही असतील, त्यांच्यासाठी औषधांचं बोलते. वॉरफेरिन किंवा ॲसिट्रॉम चालू असेल तर वेळा औषधामुळेच लांबतात. आयएनआर (या औषधांचा परिणाम किती ते दाखवणारा आकडा) दीडच्या आत असेल तर तपासणी जमते, वर असेल तर अर्थ लावणं अवघड होत जातं. रिव्हरोक्सॅबान, ॲपिक्सॅबान या नव्या गोळ्या तर थेट दहाव्या घटकावर काम करतात, म्हणजे घोणशीचं विष ज्याला जागं करतं त्याच घटकावर. त्या चालू असताना डीआरव्हीव्हीटी बिनदिक्कत पॉझिटिव्ह येऊ शकते. सातपूरच्या एका गृहस्थांना अशा रिपोर्टावर दीड वर्ष ‘तुम्हाला अँटिफॉस्फोलिपिड आहे’ असं सांगितलं जात होतं. रक्त घेताना गोळी कोणती चालू आहे, हे त्यांना एकदाही कोणी विचारलं नव्हतं. प्लाझ्मातून ती गोळी शोषून घेणारी कोळशाची पावडर मिळते, आम्ही ती वापरली आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला. पण कृपा करून, तपासणी बरोबर यावी म्हणून यातली कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. गुठळी व्हायला तेवढं पुरतं. काय करायचं ते तुमचे डॉक्टर आणि लॅब मिळून ठरवतील. पोटात घ्यायचं हेपॅरिनचं इंजेक्शन चालू असेल तर शेवटच्या डोसनंतर किमान बारा तासांनी, पुढचा डोस घेण्याआधी रक्त द्यायचं. ७५ मिलीग्रॅमच्या ॲस्पिरिनचा या तपासणीवर परिणाम होत नाही, ती चालू ठेवा.

‘थ्रोम्बोफिलिया प्रोफाइल’ नावाचं, गुठळ्या होण्याची प्रवृत्ती शोधणाऱ्या तपासण्यांचं जे मोठं पॅकेज तुम्हाला कोणी सुचवलंय, त्यावर माझं मत स्पष्ट आहे. आत्ता नको. प्रोटीन एस हे गुठळीला आळा घालणारं प्रथिन गरोदरपणात आणि त्यानंतर काही काळ आपोआप कमी होतं, मग ‘डेफिशियन्सी’ असा शिक्का बसतो. त्या पॅकेजमधल्या एमटीएचएफआर या जनुकाच्या तपासणीचा वारंवार होणाऱ्या गर्भपातात उपयोग नाही, अमेरिकेच्या जनुकतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ मध्येच ती करू नका असं सांगितलंय. ते पैसे वाचवा.

माझ्याकडे आला असतात तर मी काय केलं असतं? ६ जानेवारीपासून बारा आठवडे ३१ मार्चला पूर्ण होतात. त्याच्या आधी रक्त घेतलं नसतं. एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तुमची काढणीही उरकत आलेली असेल, तेव्हा पिंपळगावला रक्त न देता दोघांनी नाशिकला यावं. तीस किलोमीटरचा प्रवास रक्तापेक्षा माणसाने केलेला बरा. लॅब कोणतीही असो, आधी फोन करून चार गोष्टी विचारा: प्लाझ्मा इथेच आणि दोनदा फिरवता का, डीआरव्हीव्हीटी आणि एपीटीटी दोन्ही करता का, मिक्सिंग आणि कन्फर्म करता का, आणि रिपोर्टावर गुणोत्तर आणि अर्थ लिहून देता का. नुसतं ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ एवढंच छापणारी लॅब या तपासणीला नको. नाशिकमध्ये सोय जमली नाही तर मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, रक्ताच्या अशा अवघड प्रश्नांवर तिथे काम चालतं. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन, चौकशी करून जा.

त्या दिवशी ताप, सर्दी, लघवीचा संसर्ग काही असेल तर पुढे ढकला. अगदी उपाशी राहायची सक्ती नाही, पण तेलकट-तुपकट खाऊन येऊ नका, प्लाझ्मा दुधासारखा गढूळ होतो आणि मशीनला दिसत नाही. रक्त हाताच्या शिरेतून, ताज्या सुईने काढायला सांगा. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत आणा, आयुर्वेदिक असतील तर त्याही.

आणि एप्रिलच्या आधीच दिवस राहिले तर? मग बारा आठवड्यांचा हिशेब बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा. ॲस्पिरिन आणि हेपॅरिन सुरू करायचं का, हे ते तेराव्या आठवड्यातला इतिहास बघून ठरवतील. इंजेक्शन सुरू करायचं ठरलंच, तर पहिला डोस घेण्याआधी रक्त घेऊन ठेवायला तेवढं सांगा.

शेवटचा परिच्छेद ताईंना वाचून दाखवा. तुम्ही लिहिलंय की बागेत औषध मारताना त्या जवळ होत्या, म्हणून हे झालं असं त्या मनाला लावून घेतायत. ताई, तुमच्या रिपोर्टात जे शोधतोय त्या अँटिबॉडी आहेत, त्या शरीर स्वतः तयार करतं. तुम्ही काय खाल्लं, किती वाकलात, कुठे उभ्या होतात, याने त्या येत नाहीत. आणि असल्या तरी त्यांच्यावर उपचार आहेत. नीट निदान होऊन ॲस्पिरिन आणि हेपॅरिनवर नऊ महिने पार पाडलेल्या कितीतरी बायका बाळाला घेऊन माझ्या लॅबच्या पायऱ्या चढून आल्या आहेत. येताना दोन्ही वेळच्या सोनोग्राफीच्या फाइल आणा, मला आधी तेराव्या आठवड्याची बघायची आहे.